‘महा’चा उपसर्ग

‘महा’ हा मराठीतला सर्वांत कष्टाळू शब्द आहे. आठवडाभर तो चौकातल्या फ्लेक्सवर उन्हात उभा असतो, रात्री वृत्तवाहिनीच्या पडद्यावर लाल पट्टीत धावतो, आणि रविवारी इतर शब्द घरी पाय पसरून बसलेले असताना त्याला जादा काम असते, कारण रविवारी महाएपिसोड असतो. एवढे राबूनही त्याला स्वतःचे घर नाही. एकटा ‘महा’ वाक्यात उभा राहू शकत नाही. त्याला कोणाच्या तरी पुढे चिकटावे लागते, आणि हल्ली कोणी त्याला नाही म्हणत नाही.

मूळ शब्द ‘महत्’. समासात पुढे आला की त्याचा ‘महा’ होतो, आणि एवढ्या एका बदलासाठी पाणिनीने सूत्र खर्ची घातले आहे. व्याकरणाच्या पुस्तकात प्र, परा, अप, सम् अशी उपसर्गांची बावीस जणांची यादी असते. तीत ‘महा’चे नाव नाही. तेव्हा शास्त्राप्रमाणे तो उपसर्ग ठरत नाही. मराठीत मात्र उपसर्गाचा दुसरा अर्थ उपद्रव असा आहे, आणि त्या अर्थी त्याची नेमणूक कायम झालेली आहे.

जुना ‘महा’ शिस्तीचा होता. पुढच्या शब्दाशी गाठ पडली की तो संधी करी. महा आणि उत्सव मिळून महोत्सव, महा आणि ऋषी मिळून महर्षी, महा आणि औषध मिळून महौषध. दोघे एकमेकांत असे विरघळत की कोण कुठे संपला ते कळत नसे. आजचा ‘महा’ संधी करत नाही, नुसता शेजारी येऊन उभा राहतो. महाआरती, महाअंतिम, महाऑफर, महाएक्झिट पोल. नियम पाळायचे ठरवले तर वाहिन्यांना ‘आज रात्री महैपिसोड’ अशी जाहिरात करावी लागेल आणि दुकानदाराला ‘महौफर’ लावावी लागेल. ही औषधाची बाटली समजून गिऱ्हाईक फिरकणार नाही, हे दुकानदाराला पाणिनीपेक्षा चांगले कळते.

पूर्वी ‘महा’ मिळवायला पुरावा द्यावा लागे. महाभारताच्या आदिपर्वातच ही हकिकत आहे. देवांनी तराजूच्या एका पारड्यात चार वेद ठेवले, दुसऱ्यात भारत ठेवले. भारताचे पारडे खाली गेले. महत्त्व आणि भार या दोन्ही बाबतीत ते सरस ठरले, म्हणून त्याला महाभारत म्हणायचे असे ठरले. म्हणजे नावाला वजनाची पावती जोडलेली होती. पुढे त्या पावतीचीही तपासणी झाली. पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली, देशभरातल्या हस्तलिखितांशी एकेक श्लोक ताडून पाहिला, आणि १९६६ साली काम पुरे झाले तेव्हा लाख श्लोकांची ख्याती असलेला ग्रंथ पाऊण लाखाच्या आसपास येऊन थांबला. माप घेताना पुण्यात घासाघीस होणारच. तरी ‘महा’ काढून घ्यावा असे मात्र कोणी सुचवले नाही.

जुन्या पंडितांना या शब्दाची थोडी भीतीही वाटत असावी. संस्कृतात एक जुना संकेत आहे: शंख, तेल, मांस, वैद्य, ज्योतिषी, ब्राह्मण, यात्रा, पथ आणि निद्रा या नऊ शब्दांना ‘महा’ लावू नये. कारण लावला की अर्थ स्मशानाच्या दिशेने चालू लागतो. महायात्रा म्हणजे शेवटची यात्रा. महानिद्रेतून उठवायला गजर लावून उपयोग नाही. महापथ परलोकाला जातो. महामांस म्हणजे माणसाचे मांस. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने ‘मालतीमाधवा’त आपल्या नायकाला तेच विकायला मध्यरात्री स्मशानात धाडले आहे, आणि तेही प्रेमभंग टाळण्यासाठी. वैद्य आणि ज्योतिषी यांना ‘महा’ जोडला तर स्तुतीची टवाळी होते. हे आजच्या वैद्यांनी मनावर घेतलेले दिसत नाही, कारण महाआरोग्य शिबिराच्या फलकावर त्यांचे फोटो असतात.

सतीश आळेकरांनी मात्र संकेताचा मान राखला. १९७४ साली रंगमंचावर आलेल्या त्यांच्या ‘महानिर्वाण’ नाटकात मेलेले भाऊराव कीर्तनाच्या थाटात स्वतःच्या मरणाची कथा लावतात. तिथे ‘महा’ जिथे शोभतो तिथेच, तिरडीवर बसला आहे. राजकीय पक्षांनीही एकदा सावधगिरी दाखवली. २०१९ च्या निवडणुकीआधी राज्यात महाजनादेश यात्रा निघाली. यात्रेला थेट ‘महा’ न चिकटवता मध्ये ‘जनादेश’ घातला गेला. हे ठरवून झाले की योगायोगाने, याची नोंद नाही. शास्त्र मात्र पाळले गेले.

सरकारी ‘महा’ ही एक वेगळी जात आहे, आणि ती ओळखताना अभ्यासकांची दमछाक होते. तो दिसतो ‘मोठा’सारखा, पण असतो ‘महाराष्ट्र’ या नावाचा पहिला तुकडा. अकोल्याचे महाबीज हे १९७६ पासूनचे बियाणे महामंडळ. त्याचे बी नेहमीच्याच आकाराचे असते. २००५ साली राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले आणि महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशी तीन ‘महा’ भावंडे जन्माला आली. एकाने वीज करायची, दुसऱ्याने वाहून न्यायची, तिसऱ्याने वाटायची. बारशाला वीस वर्षे उलटली तरी घराघरांत बिल अजून ‘एमएसईबी’चेच येते. त्यातही पोटजाती आहेत. महाज्योती या संस्थेतला ‘महा’ महाराष्ट्रातून आलेला नाही. तो ‘महात्मा’ या शब्दातून आला आहे, कारण संस्थेचे पूर्ण नाव महात्मा जोतिबा फुले यांच्या नावे आहे. तिथे तरी त्याचा हिशेब चोख आहे: १८८८ साली मुंबईत भर सभेत लोकांनी जोतीरावांना ती पदवी दिली, आणि त्यासाठी त्यांनी आधी चाळीस वर्षे काम केलेले होते.

महाभरती निघाली की गोंधळ पुरा होतो. ही मोठी भरती की महाराष्ट्राची भरती, असे विचारले तर अर्ज भरणारा तरुण सांगतो, ‘ते नंतर बघू, आधी संकेतस्थळ उघडू दे.’ राजकारणातही याच नावाची भरती असते. तिला परीक्षा नसते आणि वयाची अट तर मुळीच नसते.

पालिका हा या सरकारी शाखेचा कळस. मेयरला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न होता तेव्हा सावरकरांनी ‘महापौर’ हा शब्द दिला. इंग्रजी मेयरच्या मुळाशीही ‘अधिक मोठा’ याच अर्थाचा लॅटिन शब्द आहे, तेव्हा हा ‘महा’ समुद्र ओलांडूनही जागेवरच राहिला. पण मुंबईला एवढ्यावर समाधान नव्हते. तिच्या पालिकेचे नाव बृहन्मुंबई महानगरपालिका. ‘बृहत्’ म्हणजे मोठा, ‘महा’ म्हणजेही मोठा. मधल्या मुंबईला दोन्ही बाजूंनी मोठेपणाचा टेकू लावून उभे केले आहे. परदेशातल्या मराठी माणसांनीही हाच कित्ता गिरवला. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची १९८१ साली जी शिखर संस्था झाली तिचे नाव बृहन्महाराष्ट्र मंडळ. यात ‘बृहत्’ आहे, ‘महा’ आहे आणि राष्ट्रही आहे. राहायला जागा काय ती परक्याची. इकडे मुंबई ते नागपूर या ७०१ किलोमीटरच्या रस्त्याच्या अधिकृत नावात ‘महा’ दोनदा येतो, एकदा महाराष्ट्रात आणि एकदा महामार्गात. नावाची पाटी वाचून होईपर्यंत गाडी पुढच्या टोलनाक्याशी पोचते.

निवडणुकीत ‘महा’ कोणत्या बाजूला आहे, हे आता विचारावे लागत नाही. तो दोन्हीकडे असतो. २०२४ साली विधानसभेच्या २८८ जागांसाठी एकीकडे महायुती होती आणि समोर महाविकास आघाडी. मतदाराला कोणीही निवडून दिले तरी ‘महा’ येणारच, एवढी हमी त्या निवडणुकीत पक्की होती. प्रचारात सभा नसतात, महासभा असतात. मेळावे नसतात, महामेळावे असतात. साधा मोर्चा काढायचा म्हटले तर कार्यकर्ते येत नाहीत.

‘महा’चे खरे माहेर मात्र दूरचित्रवाणी. १९८८ च्या २ ऑक्टोबरला बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ दूरदर्शनवर सुरू झाले, आणि दर रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. त्या मालिकेच्या नावात ‘महा’ होता, पण भाग मात्र साधे होते. एका भागात एक शपथ, एक शाप आणि जमल्यास एक बाण एवढे उरके. ते भाग संपून आता जवळपास तीन तपे लोटली आणि गणित उलटे झाले. मालिका साध्या घरातली असते. भाग महा असतो.

महाएपिसोडची रचना ठरलेली आहे. सोमवारपासून त्याची झलक दाखवतात. झलकेत दाराची बेल वाजते, नायिका दार उघडते, तिच्या हातातले आरतीचे ताट खाली पडते. कोण आले ते दाखवत नाहीत. मंगळवारी पुन्हा ताट पडते. शनिवारपर्यंत घराघरात ते ताट इतक्या वेळा पडलेले असते की शेजारचे लोक वर येऊन चौकशी करतात. रविवारी प्रत्यक्ष भागात पहिली वीस मिनिटे आठवडाभराची उजळणी, मग हळदीचा समारंभ, मग जाहिराती, मग एक थप्पड. ही थप्पड तीन बाजूंनी तीनदा दाखवतात, एकदा रंगीत आणि पुढे कृष्णधवल. मग खोलीत हजर असलेल्या प्रत्येक नातेवाइकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा जातो. एकत्र कुटुंब असल्यामुळे यात बराच वेळ जातो. तासाच्या शेवटी बेल वाजते आणि ताट पडते. कोण आले ते सोमवारी.

या प्रकाराची सर्वांत नेमकी व्याख्या कोणत्याही कोशात नाही. ती घरोघरच्या संवादात सापडते.

‘आज काय आहे रे टीव्हीवर?’
‘महाएपिसोड आहे, आजी.’
‘म्हणजे काय?’
‘कालचंच. पण तासभर.’

महासंगम हा त्याचा थोरला भाऊ. यात दोन मालिकांची पात्रे एका मांडवात येतात. साडेआठच्या मालिकेतल्या लग्नाला नऊच्या मालिकेतली सासू येते, आणि इथल्या सासूला एका दृष्टिक्षेपात ओळखते. व्यवसायबंधुत्व म्हणतात ते हेच. दोघींचे कारस्थान मिळून एक होते, त्यामुळे दोन मालिकांचे दोन आठवडे निघतात. आजोबांना मात्र रात्री झोप लागत नाही, कारण नऊची नायिका गेल्या महिन्यात वारली होती असे त्यांना पक्के आठवत असते.

स्पर्धांच्या कार्यक्रमांनी तर्कशास्त्राची जी पंचाईत केली ती निराळी. फेरी असते, उपांत्य फेरी असते, अंतिम फेरी असते. ‘अंतिम’ म्हणजे शेवटचा; शेवटच्याहून मोठा शेवटचा कसा असेल, हे सांगता येत नाही. तरी महाअंतिम सोहळा होतो, आणि तो चार तास चालतो. सूत्रसंचालक ‘आणि विजेता आहे...’ म्हणून थांबतात. त्या थांबण्यात दोन जाहिराती, एक नृत्य आणि प्रमुख पाहुण्यांचे मनोगत बसते. परीक्षकही वाढत्या मापाचे लागतात. ‘एका पेक्षा एक’ या नृत्यस्पर्धेत सचिन पिळगांवकर ‘महागुरू’ झाले, आणि ती पदवी त्यांना अशी बसली की कार्यक्रम संपला तरी उतरली नाही. ‘होम मिनिस्टर’ हा खेळ २००४ पासून घरोघरच्या वहिनींना पैठणी देत होता. २०२२ मध्ये त्याचा ‘महामिनिस्टर’ झाला आणि पैठणी ११ लाखांची झाली. या वाढीला मात्र नाव ठेवता येत नाही. इथे ‘महा’ नुसता पाटीवर न राहता किमतीत उतरला. पैठणी जिंकणाऱ्या वहिनीने ती नेसून कोणत्या हळदीकुंकवाला जावे, आणि गेल्यावर तिच्या पदरावर चहा सांडला तर सांडणाऱ्याने कुठे जावे, हे प्रश्न कार्यक्रमाच्या कक्षेबाहेरचे होते.

वृत्तवाहिन्यांचा ‘महा’ घाईत असतो. महाकव्हरेज, महानिकाल, महामुलाखत, महाचर्चा. महाचर्चेत पडद्यावर नऊ चौकोन असतात आणि नवांतले आठ एकाच वेळी बोलतात. नववा बोलत नाही, कारण त्याचा आवाज स्टुडिओपर्यंत पोचत नसतो. चर्चेतला सर्वांत संयमी वक्ता म्हणून त्याची नोंद होते. अखेर निवेदक सांगतो, ‘वेळ कमी आहे, तीस सेकंदांत सांगा, महाराष्ट्राचं भवितव्य काय?’ पाहुणे सांगतातही.

चित्रपटाने ‘महा’ जरा बेताने वापरला आणि गमतीची गोष्ट म्हणजे बऱ्याचदा वाईट माणसांसाठी. राजेश खन्नाचा ‘महाचोर’ १९७६ चा, विनोद खन्नाचा ‘महा बदमाश’ १९७७ चा. दोन्ही नायकच, पण ‘महा’ मिळवायला आधी चोर किंवा बदमाश व्हावे लागले. १९९० च्या ‘महासंग्राम’मध्ये विनोद खन्ना पुन्हा आले, या वेळी पदवी माणसाऐवजी मारामारीला मिळाली. रामसे बंधूंनी ‘महाकाल’ काढला, त्यात भूत होते. सत्यजित राय यांचा १९६३ चा ‘महानगर’ हा याला सभ्य अपवाद. त्यात एका सुनेने नोकरी धरल्याने घरात उठलेले वादळ आहे, आणि ते तीन बाजूंनी तीनदा दाखवलेले नाही.

चौकातल्या ‘महा’चा कारखाना म्हणजे फ्लेक्सचे दुकान. गणपतीच्या आधी पंधरा दिवस तिथे मंडळाचे कार्याध्यक्ष येतात.

‘गेल्या वर्षी काय टाकलं होतं?’
‘भव्य.’
‘त्याच्या आधी?’
‘त्याच्या आधी भव्य-दिव्य होतं. तुम्हीच दिव्य काढायला लावलंत, फोटो बसत नव्हते.’
‘मग आता महाभव्य करा. आणि खालच्या गल्लीवाल्यांनी काय केलंय?’
‘त्यांनी महाविराट.’
‘अरे! मग आपलं महा जरा मोठ्या टायपात घ्या.’

टाइप मोठा होतो, त्यामुळे कार्यक्रमाची तारीख आणि वेळ बारीक होते, आणि सहा वाजताच्या महाआरतीला लोक आठ वाजता येतात. त्याने काही बिघडत नाही, कारण प्रमुख पाहुणे साडेआठला येतात. महारक्तदान शिबिरात रक्त नेहमीच्याच पिशवीत घेतात. महाप्रसाद हा शब्द मात्र मूळचा जुना आणि खरा आहे, त्यात सगळ्या गावाला एका पंगतीत बसवण्याचा मोठेपणा आहे. हल्ली रांग मोठी असते आणि द्रोण लहान. वाढणारा स्वयंसेवक डावातला बुंदीचा अर्धा भाग पुन्हा पातेल्यात सोडून म्हणतो, ‘मागे अजून हजार माणूस आहे, काका.’ काका द्रोणाकडे बघतात, फ्लेक्सकडे बघतात आणि पुढे सरकतात.

बाजारात महाबचत आणि महालूट एकाच पाटीवर सुखाने नांदतात. बचत गिऱ्हाइकाची, लूट कोणाची ते पाटीत नसते. तीन सदऱ्यांवर एक फुकट असतो. एकच सदरा हवा असणारा माणूस चार घेऊन घरी येतो आणि किती पैसे वाचवले ते सांगत बसतो. बायको विचारते, ‘वाचले ते कुठायत?’ या प्रश्नावर महासेल गप्प असतो. १९९६ साली भारतात आलेल्या अमेरिकी बर्गरवाल्यांनी इथली नाडी लगेच ओळखली. त्यांच्या खास इथल्यासाठी केलेल्या बर्गरचे नाव महाराजा मॅक. खवय्याला राजा म्हणून भागणार नाही, महाराजाच म्हणावे लागेल, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळले. ज्या देशात स्वयंपाक्यालाच महाराज म्हणतात तिथे हे नाव नेमके कोणाला उद्देशून आहे, हा घोळ त्यांच्या लक्षात आला नसावा.

इथे घरगुती ‘महा’कडे वळावे लागते, कारण बाहेर मिरवणारा हा शब्द घरात शिरताना चप्पल काढावी तसा सगळा मोठेपणा उंबऱ्याबाहेर ठेवतो. मराठी माणसाने घरात ‘महा’ कौतुकासाठी वापरल्याचे उदाहरण मिळणे कठीण. महाआळशी, महाकंजूष, महाचालू, महाबिलंदर. महाभाग म्हणजे मुळात मोठ्या भाग्याचा पुरुष. आता एसटीच्या सीटवर रुमाल टाकून गायब होणारा इसम. महाशय हा मुळात उदार मनाचा माणूस. आता नळ उघडा ठेवून ऑफिसला गेलेला नवरा. महामाया ही साक्षात देवी; पण ‘ती महामाया आली’ असे कोणी दबक्या आवाजात म्हणाले तर येणारी बाई बहुधा नात्यातली असते.

सकाळी अकरा वाजता कॉलेजच्या मुलाच्या खोलीचे दार ढकलून आई म्हणते, ‘उठले का महाराज?’ यात छत्र नाही, चामर नाही. थोड्या वेळाने वडील विचारतात, ‘काय म्हणतायत युवराज?’ म्हणजे बापाच्या लेखी मुलाची एक पायरी आधीच उतरलेली असते. मुलीला ‘महाराणी’ म्हटले गेले की ओट्यावर भांडी पडली आहेत असे समजावे. नियमच करायचा तर असा करता येईल: घरात ज्याच्या नावामागे ‘महा’ लागला त्याचे काहीतरी काम राहिलेले असते. ही भाषा कोणी शिकवत नाही, पण चार वर्षांच्या पोरालाही ती कळते. ‘महाराज, दूध संपवा’ म्हटल्यावर ते रडायला लागते.

विज्ञानात ‘महा’ला थोडी इभ्रत उरली आहे. पुण्याच्या सी-डॅकमध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. परदेशाने यंत्र द्यायला नकार दिल्यावर ते इथेच उभारले होते, त्यामुळे त्या ‘महा’त एक ठसकाही होता. आज खिशातला मोबाइल त्याच्याहून कितीतरी वेगाने आकडेमोड करतो आणि ती सगळी शक्ती सुप्रभातच्या गुलाबांवर खर्च होते. मोबाइलला मात्र कोणी महा म्हणत नाही. त्याला ‘मेलं ते’ म्हणतात.

खऱ्याखुऱ्या आकाराचा ‘महा’ एकाच ठिकाणी लागला: महास्फोट. ज्यातून विश्व निघाले असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात त्या घटनेचे हे मराठी नाव. तिचे इंग्रजी नाव फ्रेड हॉईल यांनी १९४९ साली बीबीसी रेडिओवर बोलताना वापरले, आणि गंमत म्हणजे ते स्वतः या सिद्धान्ताच्या विरोधात होते. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर. त्यांनी केंब्रिजमध्ये आणि पुढे पुण्यात आयुकात बसून जन्मभर महास्फोटावर शंका काढल्या. म्हणजे सबंध विश्वाला लागू पडणारा एकमेव ‘महा’ हाती लागला, आणि त्यालाही एका मराठी माणसाने ‘पुरावा दाखवा’ म्हणून अडवले. वर्तमानपत्रांनी एवढी वाट पाहिली नाही. त्यांच्याकडे दर अधिवेशनात राजकीय महास्फोट होतो आणि दुसऱ्या दिवशी विश्व होते तसेच असते.

फार वापरल्याने ‘महा’ झिजला, तेव्हा त्याच्या मदतीला ग्रीक भाऊ धावून आला. ‘मेगा’ आणि ‘महा’ हे एकाच प्राचीन कुळातले शब्द आहेत. एक पश्चिमेकडे गेला, एक इकडे आला. हजारो वर्षांनी दोघांची भेट मध्य रेल्वेच्या रुळांवर झाली. मुंबईकरांचा रविवार मेगाब्लॉकने व्यापलेला असतो. ब्लॉक नेहमीपेक्षा लांबला की वर्तमानपत्रे त्याला महामेगाब्लॉक म्हणतात. मे २०२४ च्या अखेरीला ठाण्याचा फलाट रुंद करण्यासाठी ६३ तासांचा ब्लॉक घेतला गेला तेव्हा हा शब्द सगळ्या मथळ्यांत होता. शब्दशः पाहिले तर तो ‘मोठा मोठा अडथळा’ असा होतो, पण त्या तीन दिवसांत फलाटावर उभ्या असलेल्या कोणालाही यात द्विरुक्ती वाटली नाही. ‘महामेगा आहे म्हणे,’ एक जण म्हणाला की दुसरा विचारी, ‘म्हणजे एकही गाडी नाही की एखादी आहे?’ मोठेपणाचे इतके बारीक माप दुसऱ्या कोणी काढलेले नाही. याच्या पुढचा शब्द अजून तयार नाही. पश्चिम रेल्वेने ‘जम्बो’ राखून ठेवला आहे, तेव्हा दोन्ही रेल्वे एकाच रविवारी बंद राहिल्या तर तो निघेल.

एक ‘महा’ मात्र कोणत्याच जाहिरातीत येत नाही. ‘महाग’ हा शब्द संस्कृत ‘महार्घ’पासून आला, महा म्हणजे मोठे, अर्घ म्हणजे मोल. त्यात जुना, शिस्तीचा ‘महा’ अजून पूर्वीसारखाच विरघळलेला आहे. संधी झालेली आहे, अर्थ शाबूत आहे आणि त्याला मोठ्या टाइपाची गरज लागत नाही. तो रोज संध्याकाळी मंडईत भेटतो.

‘कोथिंबीर कशी दिली?’
‘चाळीस.’
‘महाग आहे हो.’
‘काल घ्यायची होती ना, ताई. काल तीस होती.’
‘काल पण महागच होती.’
‘मग आज घ्या. उद्या पन्नास होणारे.’

ताई जुडी घेतात, चार मिरच्या वर मागून घेतात, आणि मंडईच्या दारातल्या ‘महाबचत बाजार’ या पाटीखालून बाहेर पडतात.